सडकेवरचा मुसाफिर

शेरशाह सूरी म्हटले की आम्हा शिक्षकांना एकच वाक्य आठवते : ‘त्याने मोठी सडक बांधली.’ खरे तर हा मार्ग फार जुना, मौर्यकाळापासूनचा. शेरशाहने १५४० ते १५४५ या आपल्या कारकिर्दीत तो सुधारला, दुतर्फा झाडे लावली, दर दोन कोसांवर सराया उभारल्या. त्यांत हिंदू व मुसलमान मुसाफिरांची वेगवेगळी सोय होती, असे अब्बास खान सरवानी लिहितो.

याच ग्रँड ट्रंक रोडवर छायाचित्रकार रघुबीर सिंग (१९४२-१९९९) कॅमेरा घेऊन फिरले. त्यांचा रंगीत छायाचित्रांचा ग्रंथ १९९५ साली निघाला. त्यांच्या चौकटीत सडकेवरची माणसे, वाहने आणि आसपासचा मुलूख एकत्र नांदतात.

ती चित्रे पाहताना आम्हाला आमचीच चूक उमगते. कुणी शेरशाहचे नाव अभिमानाने मिरवतो, कुणी ते पुसू पाहतो. दोघांचीही नजर बादशहावरच. सराय मात्र थकल्याभागल्या मुसाफिरासाठी होती. तवारिखेत त्याचे नाव नाही. आजच्या मुसाफिराचा निदान चेहरा तरी छायाचित्रात उरला. इतिहासाच्या तासाला आम्ही तो चेहराही मुलांपुढे ठेवायला हवा.