भविष्याचे वतन

राजीव गांधी इन्फोटेक पार्क येण्याआधी हिंजवडी हे मुळशी तालुक्यातले शेतीचे गाव होते. जादूच्या कथांत भविष्य दिसणारा माणूस एकटा असतो, त्याची शक्ती जन्मजात असते आणि लोक त्याला भितात. हिंजवडीसारख्या मावळपट्टीतल्या गावाला असा माणूस परवडणारा नव्हता. पेरणी कधी, लग्नाचा मुहूर्त कोणता, यंदा पाऊस कसा, या प्रश्नांना दर वर्षी उत्तर हवे असते, कोणाला साक्षात्कार होवो वा न होवो. म्हणून भविष्य सांगण्याचे काम एका घराण्याकडे सोपवले जाई आणि त्याचा मोबदलाही ठरलेला असे. आपल्याकडे भविष्यकथनाला दैवी देणगीपेक्षा वतन म्हणणेच जास्त खरे ठरेल.

याचा भक्कम पुरावा ग्रामजोशी. गुढीपाडव्याला नव्या पंचांगातले संवत्सरफल वाचायचे, तिथी-मुहूर्त सांगायचे, लग्ने लावायची, आणि त्याबद्दल दक्षिणा व खळ्यावरचा वाटा घ्यायचा. त्याचे भाकीत खरे ठरले की नाही, हे वाटा घालताना कोणी विचारत नसे. हक्क वडिलांकडून मुलाकडे जाई. या हक्काची धार महात्मा फुल्यांनी नेमकी ओळखली. १८५५ च्या ‘तृतीय रत्न’ नाटकात त्यांनी गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून पैसे उकळणारा जोशी उभा केला. पुढे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला सत्यशोधकांनी जोशाशिवाय लग्ने लावली, तेव्हा जोशांनी कोर्टात धाव घेतली. तक्रार धर्म बुडाल्याची कमी, हक्क बुडाल्याची जास्त. दैवी दृष्टीवर कोणी दिवाणी दावा लावत नाही. दावा लागतो तो उत्पन्नावर.

यावर कोणी म्हणेल, मग पहाटे दारी येणारा पिंगळा, कुडमुडे वाजवणारा जोशी, मान डोलावणाऱ्या नंदीचा तिरमल यांचे काय? त्यांच्याकडे ना वतन, ना सनद. खरे आहे, आणि खळ्यावरच्या ठरलेल्या वाट्याऐवजी त्यांच्या झोळीत पसाभर धान्यच पडे. पण पिंगळ्याला पक्ष्याची भाषा कळते असे लोक मानत, ते तो पिंगळ्यांच्या जमातीत जन्मला म्हणून. एखाद्या कुणब्याच्या पोराला ती अचानक कळू लागली असती तर गावाने त्याला देवऋष्याकडेच नेले असते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: अंगात येते तेव्हा तर देवच बोलतो, तिथे हक्काचा काय संबंध? पुरंदर तालुक्यातल्या वीर गावी माघातल्या यात्रेत श्रीनाथ म्हस्कोबाची पीकपाण्याची भाकणूक होते. कोणत्या नक्षत्राचा पाऊस किती खंडांत पडेल, हे तिथे सांगितले जाते. वाणी देवाची, पण ती कोणत्या दिवशी, कोठे आणि कोणाच्या तोंडून यावी, हे परंपरेने आधीच ठरलेले. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणीही तशीच. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडायचा, भोवती अठरा धान्ये ठेवायची, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, कुरडई, करंजी. रात्रभरात काय हलले ते पाहून पहाटे निष्कर्ष सांगायचा. रीत कोणालाही शिकता येईल इतकी उघडी आहे, तरी निष्कर्ष सांगण्याचा मान वाघ घराण्याचाच.

मानाने मिळालेले काम चुकल्याने जात नाही, ही या व्यवस्थेची ताकद होती आणि दोषही. घराणे टिकले म्हणून रीत टिकली. पण मागच्या वर्षीचे भाकीत काढून या वर्षीच्या पावसाशी ताडून पाहायची गरज कोणालाच पडली नाही. तुलनेला हवामान खाते घ्या: १९२८ साली त्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आले. त्या खात्याचे अंदाजही चुकतात आणि त्यावर विनोदही भरपूर होतात. पण हंगाम संपल्यावर अंदाज किती आणि प्रत्यक्ष पाऊस किती, हे ते खाते स्वतःच छापते.