एका पांघरुणाखाली

पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी जामखेड तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर बाई बाळंत व्हायची ती घरातल्या अंधाऱ्या खोलीत, सासूच्या नाहीतर सुइणीच्या हातून. नाळ कापायला विळा किंवा हाताला लागेल ते पाते. बांधायला चिंधीचा दोरा. पहिला चीक बाधतो म्हणून पिळून टाकायचा आणि दोन-तीन दिवस बाळाच्या तोंडी दुसरेच काहीतरी लावायचे. पोटुशीने बेताने खावे, म्हणजे मूल लहान राहते आणि सुटका लवकर होते, हेही घरोघरी पक्के. धनुर्वाताने मूल गेले की बोल लागायचा तो नशिबाला किंवा कुणाच्या तरी नजरेला. १९७१ साली या भागात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळे वर्षाच्या आतच दगावत होती. दिवस गेलेल्या दोनशे बायांमागे जेमतेम एकीची बाळंतपणाआधी तपासणी होत होती.

जामखेड म्हणजे तेव्हाच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे बीड-धाराशिवला लागून असलेले टोक. पावसाने कायम पाठ फिरवलेला मुलूख. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यात आहे. १७९५ ची मराठे-निजाम लढाई ज्या गावाच्या नावाने ओळखली जाते ते खर्डाही इथलेच. इतिहासाच्या पुस्तकांत तालुक्याची ओळख बहुतेक इथेच संपते. गेल्या पाच दशकांत इथल्या निरक्षर बायांनी जे केले, त्यालाही त्या पुस्तकांत एक प्रकरण मिळायला हवे.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला राहायला आले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. लग्नाच्या वेळीच दोघांनी खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचे ठरवले होते. आधी काही वर्षे ते नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात होते. तिथे त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. बरा होऊन गेलेला रोगी काही महिन्यांत तोच आजार घेऊन परत येतो, कारण आजार ज्या पाण्यात, ज्या उपासमारीत आणि ज्या समजुतींत आहे तिथवर दवाखाना पोचतच नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून ते परतले आणि जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत त्यांनी काम सुरू केले.

पहिला बेत साधा होता. शिकलेल्या नर्सबाई गावात राहतील आणि गरोदर बायांना तपासतील. तो बेत फसला. परक्या गावात एकटी राहणारी तरुण मुलगी, तिला घर मिळेना, रात्रीबेरात्री बाहेर पडायची सोय नाही; शिवाय चार बाळंतपणे झालेली बाई तिच्या शब्दावर विश्वास कसा ठेवणार? मग प्रश्नच उलटा करून पाहिला गेला. जी गावचीच आहे, जिच्यावर बायांचा जीव आहे, जिला बाळंतपण अंगावरून गेल्यामुळे माहीत आहे, तिलाच शिकवले तर? गावांना सांगितले, तुमची बाई तुम्हीच निवडा. निवडून आल्या त्यांतल्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या. कितीतरी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या, काही विधवा. घरात ज्यांना कुणी विचारत नव्हते, अशा.

नोकरी नव्हती, पगार नव्हता. घरचे, शेतातले आवरून उरलेल्या वेळात गावचे आरोग्य पाहायचे आणि आठवड्याला जामखेडला येऊन शिकायचे.

तिथे पहिली अडचण आली ती जातीची. मराठ्याच्या बाईने महाराच्या बाईशेजारी कसे बसायचे, तिने भरलेले पाणी कसे प्यायचे? आरोळ्यांनी त्यावर भाषण दिले नाही. स्वयंपाक एकत्र, जेवण एकत्र, आणि रात्री झोपायला सगळ्यांना मिळून एकच भले मोठे पांघरूण. थंडीच्या रात्री ते आपल्याकडे ओढायचे तर शेजारणीला सरकून जागा द्यावीच लागते. सुधारणेच्या इतिहासात सहभोजनांची नोंद असते. जामखेडच्या या पांघरुणाची नोंद त्या पंक्तीत व्हायला हवी असे मनापासून वाटते, कारण बाळंतपणाच्या कामात शिवाशीव हा जिवावरचा प्रश्न आहे. अडलेल्या बाईला हात लावायचा की नाही, हे जात पाहून ठरणार असेल तर उरलेले सगळे शिक्षण वाया.

शिकणे ऐकून, पाहून आणि हाताने. लिहिता येत नव्हते म्हणून चित्रे. पाठ व्हावे म्हणून गाणी. पोटावर दोन्ही तळवे ठेवून डोके कुठे, पाठ कुठे हे चाचपायचे. डोके खाली नसेल, मूल आडवे असेल, पायांवर सूज असेल, आधीच्या खेपेला रक्त फार गेले असेल, तर त्या बाईला घरी ठेवायचे नाही. वेळ आहे तोवर जामखेडला न्यायचे. बाकीच्यांसाठी नवे पाते, उकळलेला दोरा, साबण. नखे कापलेली, बांगड्या वर सारून कोपरापर्यंत धुतलेले हात. नाळेवर शेण, राख काही लावायचे नाही. बाळ पुसून, गुंडाळून लगेच आईच्या अंगाशी द्यायचे आणि चीक पाजायचाच. यात अवघड यंत्र एकही नाही. अवघड होते ते सासूसमोर हे सगळे करून दाखवणे.

सुरुवातीला वरच्या आळीतली दारे उघडत नसत. दलित बाई ओसरीवरूनच परत पाठवली जाई. दारे उघडली ती संकटाच्या रात्री, वेणा थांबलेल्या, मूल निळे पडत चाललेले असताना. एकदा आत गेलेल्या बाईला दुसऱ्या खेपेला बाहेर ठेवणे अवघड होते.

बायांचे हे काम एकटे उभे नव्हते. १९७२ च्या दुष्काळात गावोगावी मुलांसाठी अन्नकेंद्रे चालली, विंधनविहिरी खोदल्या गेल्या आणि हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसवले गेले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिकडे जावे लागेल. पुरुषांची शेतकरी मंडळे आधी झाली, बायांची महिला मंडळे मागून. बाईच्या पोटातल्या मुलाची काळजी घ्यायची तर तिच्या ताटात काय आहे, तिला पाणी किती लांबून आणावे लागते, नवरा दारू पितो का, हे सगळे त्यातच आले.

आकडे बोलतात ते असे. १९७६ पर्यंत बालमृत्यूचे प्रमाण १७६ वरून ५२ वर आले आणि १९९३ मध्ये १९ वर. बाळंतपणाआधी तपासणी झालेल्या बायांचे प्रमाण पाच वर्षांत अर्ध्या टक्क्यावरून ८० टक्क्यांवर गेले. कुटुंबनियोजन करणारी जोडपी १९७१ मध्ये शंभरात एकही नव्हती. १९८६ पर्यंत ती साठ झाली. झालेली मुले जगतात हे डोळ्यांनी पाहिल्यावर बाई आपणहून विचारायला येते, हे या कार्यकर्त्यांनी लवकर ओळखले होते.

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जामखेडचा प्रयोग आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये मुक्ताबाई पोळ ही जामखेडची कार्यकर्ती वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलायला उभी राहिली. सभागृहातल्या महागड्या झुंबरांकडे बोट दाखवून तिने डॉक्टर तसे असतात असे सांगितले. आणि आपल्यासारख्या बाया म्हणजे साधा दिवा, पण त्यावरून दुसरा लावता येतो.

गावातलीच बाई हा विचार पुढे सरकारनेही उचलला. १९७७ मध्ये देशभर ग्राम आरोग्य कार्यकर्त्यांची योजना निघाली, २००५ नंतर आशा आल्या. त्याबरोबर एक जुना प्रश्न मोठा होऊन आला. आशांनाही ‘स्वयंसेविका’ म्हणतात, आणि २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी दीर्घ संप करावा लागला. जामखेडच्या बायांना पैशाऐवजी मान, ज्ञान आणि छोट्या धंद्याला हात मिळाला. त्या त्याबद्दल अभिमानाने बोलतात. तरीही सर्वांत गरीब बाईनेच फुकट राबावे ही अपेक्षा लाखो बायांवर लादणे अन्यायाचे आहे.

मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. घरची बाळंतपणे आता विरळ झाली. रुग्णवाहिका येते, बाई दवाखान्यात जाते. जुन्या कार्यकर्त्यांच्या कामात रक्तदाब आणि मधुमेह आले. आणि शिकवणे आले. जामखेडच्या प्रशिक्षण संस्थेत देशोदेशींचे डॉक्टर, नर्स, विद्यार्थी येतात. त्यांच्यासमोर नऊवारीतली एखादी म्हातारी उभी राहते, दोन्ही तळवे पुढे धरते आणि बाळाचे डोके बोटांना कसे लागते ते सांगू लागते. शेजारी दुभाषा तिचे मराठी इंग्रजीत करत असतो.