‘ध’चा ‘मा’ आणि संगणकीय आज्ञा

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला. रघुनाथरावांच्या आज्ञापत्रातील ‘धरावे’चे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, ही कथा पुराव्यापेक्षा परंपरेवर अधिक उभी आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी दोषी ठरविलेले रघुनाथराव १७८३ मध्ये आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कोपरगावी वारले. संगणकातील आज्ञा-घुसखोरीचे मर्म मात्र या कथेत नेमके सापडते: आज्ञा पाळणारा, त्यात कोणाचे अक्षर मिसळले, हे पाहत नाही. २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या ‘शेलशॉक’ दोषात बाहेरून आलेल्या माहितीला जोडलेला मजकूर ‘बॅश’ आज्ञा म्हणून चालवीत असे. केवळ घातक चिन्हे गाळणे अपुरे होय. वापरकर्त्याची माहिती आज्ञेच्या वाक्यात न मिसळता स्वतंत्रपणे द्यावी. आज्ञावलीला कामापुरतेच अधिकार असावेत. गारदी तर थेट वाड्यात शिरू शकले.