तिसऱ्या खेळाचें उत्पन्न

सतराव्या शतकांतील लंडनमध्यें नाटककाराला कंपनीकडून ठरीव वेतन मिळत नसे. पहिल्या दोन खेळांचें उत्पन्न कंपनी घेई आणि तिसऱ्या खेळाच्या दिवशीं मेणबत्त्या, नोकरचाकर, वाद्यें इत्यादि खर्च वजा जातां जें उरे तें लेखकाच्या पदरांत पडे. मराठी रंगभूमीवर पुढें 'बेनिफिट'चा खेळ लावीत, त्यांतलाच हा प्रकार. मात्र येथें तो उपकार नसून मजुरी होती. नाटक दोन खेळांतच कोसळलें तर नाटकगृहाकडून लेखकाला एक छदामहि मिळत नसे. या तिसऱ्या खेळावर आपलें पोट चालविणारी पहिली इंग्रज स्त्री म्हणजे अ‍ॅफ्रा बेन. तिच्या प्रेमकथांना इंग्रजी कादंबरीच्या आरंभकाळांत मोठें स्थान दिलें जातें. पण तिला रंगभूमीवरून कथेकडे जावें लागलें तें नाटकगृहांच्या जमाखर्चामुळें.

१६६० सालीं दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि अठरा वर्षें बंद असलेलीं नाटकगृहें उघडलीं. स्त्रीभूमिका स्त्रियांनींच कराव्या असा प्रघात तेव्हांपासून तेथें पडला. राजानें दोनच कंपन्यांना सनद दिली, एक स्वतःच्या नांवाची व दुसरी आपल्या भावाच्या, ड्यूक ऑफ यॉर्कच्या. अ‍ॅफ्रा बेन या जगांत शिरली ती कर्जाच्या वाटेनें. १६६६ सालीं सरकारनें तिला हेरगिरीसाठीं अँटवर्पला धाडिलें होतें. तिनें बातम्या पाठविल्या, पण पैसे कांहीं आले नाहींत. परत येतांना तिनें कर्ज काढलें आणि १५० पौंडांच्या त्या देण्यापायीं तुरुंगाचें भय दारीं आलें. राजाकडे केलेले तिचे विनवणीचे अर्ज आजहि उपलब्ध आहेत. राजाच्या नोकरीपेक्षां प्रेक्षकांची नोकरी बरी, असें तिला वाटलें असल्यास नवल नाहीं.

१६७० च्या सप्टेंबरांत ड्यूकच्या कंपनीनें तिचें 'द फोर्स्ड मॅरेज' रंगभूमीवर आणिलें आणि तें सहा दिवस चाललें. त्या काळीं हें यशच म्हणावयाचें. त्यांत राजाची भूमिका थॉमस ऑटवे नांवाच्या नवख्या तरुणाला दिली होती. पाहतो तों प्रेक्षकगृह भरलेलें. बिचाऱ्याची बोबडी वळली! पुढें हाच ऑटवे नाटककार म्हणून गाजला, पण नट होण्याचा नाद त्यानें सोडिला तो कायमचाच.

१६७३ चें 'द डच लव्हर' मात्र पडलें. छापील प्रतीच्या प्रस्तावनेंत बाईनें आपला राग मुळींच झांकला नाहीं. एका छानछोकी गृहस्थानें खेळ सुरू होण्यापूर्वींच आजूबाजूच्यांना सांगून ठेविलें होतें कीं, नाटक बाईमाणसाचें आहे, तेव्हां तें रडकेंच असावयाचें. त्याची तिनें यथेच्छ टर उडविली आणि वर असें बजाविलें कीं, नाटक लिहावयाला विद्यापीठांतील पांडित्य लागत नाहीं. शेक्सपिअरपाशीं तें फारसें नव्हतें, तरी विद्वान जॉन्सनपेक्षां त्याचींच नाटकें लोकांना अधिक आवडतात. तिची ही तक्रार अगदीं रोकडी होती. त्या गृहस्थाच्या एका शेऱ्यानें प्रेक्षक दुरावला कीं तिसरा खेळ गेला आणि त्याबरोबर घरभाडेंहि गेलें.

१६७७ चें 'द रोव्हर' हें तिचें सर्वांत गाजलेलें नाटक. प्रतिस्पर्धी कंपनीचा चालक थॉमस किलिग्रू याचें एक लांबलचक नाटक घेऊन तिनें तें कापलें, वळविलें, नेपल्सच्या उत्सवाच्या धामधुमींत नेऊन बसविलें आणि खेळतें केलें. चोरीचा बोभाटा झालाच. तिनें छापील उत्तर दिलें कीं, चोरलेली अशी वस्तु एकच, नाटकांतील गणिकेच्या दारावर टांगलेली तसबीर! हें उत्तर चतुर आहे, प्रामाणिक तितकें नाहीं. नाटकाची पहिली छापील प्रतहि लेखिकेच्या नांवावांचून निघाली.

अशा रीतीनें एकामागून एक नाटकें चाललीं असतां १६८२ सालीं दोन्ही कंपन्या एक झाल्या. राजकीय दंगलींनीं प्रेक्षक आटले होते आणि राजाची कंपनी मोडकळीस आली होती. आतां एकाच संस्थेच्या हातीं दोघांचीं जुनीं नाटकें आलीं. नव्याची गरज उरली नाहीं आणि घासाघीस करावयाला दुसरें दारहि राहिलें नाहीं. त्याच वर्षीं राजाचा अनौरस पुत्र मॉन्मथ याला झोंबणारें एक उपसंहारपद्य लिहिल्याबद्दल तिच्यावर पकडवॉरंट सुटलें. रंगभूमीवर तिच्या नव्या नाटकाला पुन्हां जागा मिळण्यास १६८६ साल उजाडावें लागलें.

मग बाईनें पुस्तकविक्रेत्यांकडे मोर्चा वळविला. लॉर्ड ग्रे यानें आपली मेहुणी लेडी हेन्रिएटा बर्कले हिला पळवून नेल्याचा खटला नुकताच, १६८२ च्या अखेरीस, गाजला होता. त्यावरून रचलेली 'लव्ह-लेटर्स बिट्वीन अ नोबलमन अँड हिज सिस्टर' ही कादंबरी १६८४ पासून तीन भागांत प्रसिद्ध झाली. तिच्यावर लेखिकेचें नांव नव्हतें, पण ती बहुतेक अभ्यासक बेनबाईचीच मानतात. पहिला भाग जवळजवळ सर्वच पत्रांचा आहे आणि पत्र म्हणजे एका पात्राचें दीर्घ स्वगतच! नट नाहीं, पडदा नाहीं. वाचक एकटा बसून दुसऱ्याच्या हृदयांत डोकावतो. पुढील भागांत पत्रें मागें पडतात आणि निवेदक पुढें येऊन प्रेमिकांचीं सोंगें उघडीं पाडूं लागतो. रॉबिनहूडच्या धर्तीच्या अद्भुत कथांहून ही चीज निराळी होती. नाटकांत शिकलेली संवादाची चलाखी येथें चांगलीच उपयोगी पडली.

पैशाची ओढाताण सुटली नाहीं ती नाहींच. प्रकाशक टॉन्सन याला पाठविलेल्या पत्रांत ती आपल्या कवितांना ३० पौंड यावेत असें म्हणते, २५ वर राजी होते आणि आणखी पांच पौंडांसाठीं अक्षरशः गळ घालते. १६८५ सालीं नाटकगृहाच्या खजिनदाराकडून तिनें ६ पौंड उसने घेतले, ते पुढच्या नाटकाच्या उत्पन्नाच्या भरंवशावर. न लिहिलेल्या नाटकाचा तिसरा खेळ असा आधींच गहाण पडला! १६८७ सालीं एका पत्रांत ती लिहिते कीं, हात इतका अधू झाला आहे कीं लेखणी धरवत नाहीं. तरी १६८८ या एका वर्षांत तिनें फाँतनेलचे दोन फ्रेंच ग्रंथ इंग्रजींत आणिले आणि 'ओरूनोको' धरून कथांचीं अनेक पुस्तकें प्रसिद्ध केलीं.

'ओरूनोको' ही सुरीनामच्या मळ्यांत गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या आफ्रिकी राजपुत्राची व त्याच्या इमोइंडेची प्रेमकहाणी. ती आपण थोड्या तासांत लिहिली, विचारासाठीं लेखणी क्षणभरहि थांबविली नाहीं, असें तिनें अर्पणपत्रिकेंत सांगितलें आहे. भोंवतीं मंडळी बसलेली असतां गप्पांत भाग घेत घेत ती हें लिही, अशी तिचा स्नेही चार्ल्स गिल्डन याची साक्ष आहे. घाई वेळेच्या टंचाईची होती खरी. पण ही कथा तिनें आधीं तोंडीं पुष्कळदां सांगितलेली होती.

पुढें राज्यक्रांति झाली. जेम्सच्या जागीं विल्यम आला. नव्या राजाचें स्तोत्र रचावें म्हणून बिशप बर्नेटकडून सूचना आली, तेव्हां द्रव्याची अत्यंत निकड असतांहि तिनें काव्यांतूनच नम्र नकार कळविला. जेम्सची मुलगी मेरी हिच्या स्वागताचें कवन मात्र तिनें लिहिलें. १६ एप्रिल १६८९ रोजीं ती वारली. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या ओवरींत तिला पुरलें.

सहा वर्षांनीं थॉमस सदर्न यानें 'ओरूनोको'चें नाटक केलें. रंगभूमीवर इतका अधिकार असलेल्या बाईनें आपला लाडका नायक कथेंत कां पुरून ठेविला, असें त्यानें अर्पणपत्रिकेंत आश्चर्यानें विचारलें आहे. त्याला साजेसा नट मिळणार नाहीं असें तिला वाटलें असावें, किंवा दुसऱ्या कोणीं त्याचें सोंग आणिलेलें तिला पाहवलें नसतें, असा सदर्नचा तर्क. जमाखर्चाकडे त्याचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. त्याचें नाटक मात्र पुढें शंभरांहून अधिक वर्षें चाललें आणि पहिल्या प्रयोगाच्या तिसऱ्या खेळाचें उत्पन्न सदर्नला मिळालें.