मुख्याध्यापक, माध्यमिक शाळेचा
माध्यमिक शाळेचा शैक्षणिक व प्रशासकीय प्रमुख. शाळेतील अध्यापन, शिस्त, हिशेब आणि पालकांशी असलेले संबंध यांची अंतिम जबाबदारी मुख्याध्यापकावर असते. महाराष्ट्रातील या पदाच्या इतिहासात एक विसंगती सातत्याने आढळते. पदाची कामे वाढत गेली. परंतु त्यांसाठी आवश्यक मानलेली तयारी प्रामुख्याने अध्यापकाचीच राहिली.

वुडच्या खलित्याने (१८५४) खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ पासून त्याच्या प्रवेश परीक्षा सुरू झाल्या. पुढे या परीक्षेचा निकाल हीच माध्यमिक शाळेची कसोटी ठरली. साहजिकच मुख्याध्यापक हा विद्वान व वरच्या वर्गांना स्वतः शिकविणारा असावा, अशी अपेक्षा रूढ झाली. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे (स्थापना १८८०) प्रमुख वामन शिवराम आपटे हे या परंपरेचे ठळक उदाहरण होय. कोशकार म्हणून ख्यातनाम असलेले आपटे शिस्तबद्ध व्यवस्थापकही होते. तथापि हे कौशल्य त्यांच्या ठायी स्वभावतः होते, प्रशिक्षणाने आलेले नव्हते. १९०६ मध्ये मुंबईत माध्यमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय निघाले, तेही अध्यापनकला शिकविण्यासाठी.

स्वातंत्र्योत्तर काळात माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२–५३) शाळेचे यश मुख्याध्यापकावर अवलंबून असल्याचे स्पष्ट केले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शाळासमूहाची कल्पना मांडून परिसरातील प्राथमिक शाळांच्या मार्गदर्शनाचे कार्यही माध्यमिक शाळेकडे सोपविण्याचे सुचविले. दरम्यान अनुदान, सेवापुस्तके, गोपनीय अहवाल, संचमान्यता आदी कामांमुळे मुख्याध्यापकाचा वर्गातील वेळ कमी होत गेला.

महाराष्ट्रातील खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम १९७७ मध्ये संमत झाला व त्याखालील नियमावली १९८१ मध्ये आली. तीनुसार माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकासाठी पदवी, शिक्षणशास्त्राची पदवी व किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनानुभव आवश्यक ठरला. पात्र शिक्षकांपैकी सेवाज्येष्ठ व समाधानकारक सेवा असलेल्यास हे पद देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. यामुळे संस्थाचालकांच्या मर्जीला आळा बसला, हा मोठा लाभ होय. मात्र अंदाजपत्रक, वेळापत्रकाची आखणी, सहकाऱ्यांच्या पाठांचे निरीक्षण, तंटे मिटविणे व कायद्याचे ज्ञान यांची पूर्वपरीक्षा त्यात नव्हती. वीस-पंचवीस वर्षे उत्तम शिकविणारी व्यक्ती एका दिवसात कार्यालयप्रमुख होई आणि कालच्या सहकाऱ्यांचे मूल्यमापन करण्याचे अवघड काम तिच्याकडे येई.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न नंतर झाले. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (स्थापना १९८९) शालेय व्यवस्थापनाचा पदविका अभ्यासक्रम चालविला. दिल्लीतील राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत शालेय नेतृत्वासाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) मुख्याध्यापकांसाठीही दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा व्यक्त केली.

या प्रयत्नांचा भर मुख्यतः पदावर आल्यानंतरच्या प्रशिक्षणावर आहे. उपमुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षक असतानाच हिशेब, निरीक्षण व पालकसभा यांची जबाबदारी क्रमाक्रमाने सोपविल्यास ज्येष्ठतेचे तत्त्व अबाधित राखूनही पूर्वतयारी साधता येते. तथापि चांगला मुख्याध्यापक प्रथम चांगला शिक्षक असावा, ही जुनी अपेक्षा त्यामुळे गौण ठरत नाही. ती अपुरी आहे, एवढेच या इतिहासावरून दिसते.