अकबराचा महजर : हिजरी ९८७

मराठी दप्तरें चाळणाऱ्या वाचकांस महजर हा शब्द नवा नाहीं. वतनाचा तंटा पडला, गोत बसलें, साक्षीपुरावा झाला, म्हणजे हाजीर मजालशीच्या नांवांनिशीं निवाड्याचा जो कागद होतो तो महजर. त्याचें बळ शिक्क्यापेक्षां मजालशीच्या साक्षींत असतें. ही गोष्ट ध्यानीं ठेवून अकबर बादशहाच्या कारकीर्दींत रजब हिजरी ९८७, म्हणजे इ. स. १५७९ च्या आगस्ट-सप्टेंबरांत, फत्तेपूर सिक्री येथें झालेल्या एका महजराचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. व्हिन्सेंट स्मिथ यानें इ. स. १९१७ सालच्या आपल्या अकबरचरित्रांत यास ‘अप्रमादत्वाचा हुकूम’ असें नांव दिलें, व तेंच पुढें रूढ झालें. आमच्या मतें तें दोन्ही अंगांनीं चुकलें आहे. हा कागद हुकूम नव्हे, आणि बादशहा चुकत नाहीं असेंही त्यांत कोठें म्हटलेलें नाहीं.

महजराचा पाठ निजामुद्दीन अहमदाच्या तबकात-इ-अकबरींत व अब्दुल कादर बदाऊनीच्या मुन्तखब-उत्-तवारीखांत मिळतो. अबुल फजलानें अकबरनाम्यांत प्रसंग वर्णिला, पण कागद उतरून घेतला नाहीं. बदाऊनी हा दरबारचा एक इमाम, १००० बिघे मदद-इ-मआश जमिनीचा धनी, आणि बादशहाच्या नव्या वळणाचा कट्टर विरोधी. त्याचा ग्रंथ गुप्त राहून जहांगिराच्या काळीं बाहेर आला. अशा लेखकानें स्वपक्षाच्या मुल्लांचे जे दोष नमूद केले ते विरोधकाच्या निंदेहून अधिक विश्वसनीय होत.

त्या काळीं दरबारांत दोन धर्माधिकारी प्रबळ होते. पहिला मखदूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी. सूर घराण्याच्या इस्लामशहापाशींही त्याचें वजन होतें, व महदवी पंथाच्या शेख अलाईचा हिजरी ९५७ मध्यें फटक्यांनीं जो अंत झाला त्यास त्याचाच आग्रह कारण झाला. दुसरा शेख अब्दुन्नबी, इ. स. १५६५ च्या सुमारास सदर झालेला. इनाम-जमिनींची वांटणी सदराच्या हातीं असल्यामुळें हजारों मुल्लांच्या व फकिरांच्या भाकरीची किल्ली त्याजपाशीं होती. आरंभीं स्वतः बादशहानें त्याच्या पायांपुढें जोडे मांडावे, इतका त्याचा मान असे.

इ. स. १५७५ मध्यें इबादतखाना बांधला गेला, व तेथील वादांत हा मान ओसरूं लागला. मखदूमानें वर्ष भरतांना आपलें द्रव्य बायकोच्या नांवें करून जकात चुकविली, हें बाहेर आलें. समुद्रमार्गें जाणें तर फिरंग्यांचा परवाना घ्यावा लागतो व त्यावर मरियम आणि ईसा यांचीं चित्रें असतात, म्हणून हजयात्रा बंधनकारक नाहीं, असेंही त्याचें मत होतें. पुढें या दोघांनीं एकमेकांवरच दोषारोप चालविले. एकाच शास्त्राचे दोन आचार्य एकाच प्रश्नाचीं विरुद्ध उत्तरें देतात, हें बादशहानें रोज ऐकिलें.

परंतु केवळ वादानें महजर झाला नसता. त्यामागें एका माणसाचा जीव आहे. मशिदीसाठीं जमविलेलें सामान एका ब्राह्मणानें देवळाकडे नेलें व अडवितां पैगंबरास अपशब्द बोलला, अशी फिर्याद मथुरेच्या काजीनें सदराकडे केली. बिरबल व अबुल फजल यांनीं त्या ब्राह्मणास दरबारीं आणिलें. उलेमांत दोन तट पडले : कोणी देहान्त सांगितला, कोणी दंड व धिंड. सदर वारंवार संमति मागे; बादशहा स्पष्ट बोलेना; शरेच्या शिक्षा तुमच्याकडे आहेत, एवढेंच म्हणे. जनान्यांतून सुटकेची रदबदली चालू असतां सदरानें ब्राह्मणास ठार करविलें. मागाहून बादशहानें बदाऊनीसच विचारिलें कीं, नव्व्याण्णव मतें मरणाचीं व एक सुटकेचें असतां मुफ्तीनें तें एक घ्यावें, हें खरें काय? बदाऊनीनें होय म्हटलें, कारण संशय असेल तेथें शिक्षा टळते. म्हणजे सदराविरुद्धचा पुरावा शरेंतच होता. मतभेद असतां निवड कोणीं करावी, एवढाच प्रश्न उरला.

त्याचें उत्तर शेख मुबारक नागोरी यानें लिहून दिलें. या दोघांनींच पूर्वीं महदवी ठरवून त्याचा छळ केला होता. महजराचा आशय असा : न्यायी सुलतानाचा दर्जा ईश्वरापाशीं मुज्तहिदाहून श्रेष्ठ आहे, मुज्तहिदांत मतभेद पडल्यास लोकहितासाठीं बादशहा जें एक मत स्वीकारील तें सर्वांस बंधनकारक, आणि कुराणवचनास विरुद्ध नसेल व प्रजेच्या हिताचा असेल असा नवा हुकूमही तो काढील. न मानणाऱ्यास परलोकीं शिक्षा व इहलोकीं वित्तहानि. मर्यादा उघड आहेत : मतभेद हवा, लोकहित हवें, वचनविरोध नको.

खालील साक्षींत मखदूम व अब्दुन्नबी हे दोघेही आहेत. शिवाय काजी जलालुद्दीन मुलतानी, सदर जहान, गाजीखान बदख्शी व शेख मुबारक. बदाऊनी सांगतो कीं, कित्येकांनीं मनाविरुद्ध सही केली. मुबारकानें मात्र आपण वर्षानुवर्षें याचीच वाट पाहत होतों असें लिहिलें.

जबरीच्या साक्षींचें मोल लौकरच कळलें. त्याच वर्षअखेरीस, हज बंधनकारक नाहीं म्हणणाऱ्या मखदूमासच सदरासह मक्केस धाडण्यांत आलें. इ. स. १५८० मध्यें बंगाल-बिहारांत बंड उठलें, व जौनपूरचा काजी मुल्ला महंमद यज्दी यानें बंडास अनुकूल फतवा दिला. हा काजी शिया होता. म्हणून हा झगडा सुन्नी कर्मठपणाचाच होता असें म्हणतां येत नाहीं. त्यास यमुनेंत नाव बुडवून मारिलें. बंडखोरांची आशा काबूलच्या मिर्झा हकीमावर होती, इ. स. १५८१ मध्यें अकबर स्वतः काबूलपर्यंत गेला. मखदूम परतून अहमदाबादेस वारला. अब्दुन्नबीकडे मक्केच्या द्रव्याचा हिशेब मागण्यांत आला व तो कैदेंतच मेला. सदराचा अधिकार प्रांतवार वांटला गेला.

आमचा निष्कर्ष असा कीं, महजरानें बादशहास हक्काचा लेख मिळाला, पण मान्यता मिळाली नाहीं. ती लष्करानें व इनामांच्या फेरतपासणीनें मिळविली. गोताच्या महजरांत साक्षी देणारा निवाड्याचा भागीदार असतो. येथें तो निवाड्यानें बांधला गेलेला पक्षकार होता. म्हणून कोणताही महजर हातीं येतां मजकुराइतकेंच साक्षींकडे, व साक्षीदारांचें पुढें काय झालें याकडे, पाहावें. ज्यांच्या संग्रहीं मुन्तखब किंवा तबकात यांच्या हस्तलिखित प्रती असतील त्यांनीं या स्थळींचीं नांवें व त्यांचा क्रम ताडून कळवावा, अशी विनंति आहे.