पानावरचा इतिहास : तारकर्लीचे लग्नाचे जेवण

मराठीतील पाकशास्त्राची छापील परंपरा सर्वपरिचित आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० चे, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. या तीन ग्रंथांवरून मध्यमवर्गीय स्वयंपाकघराचा पट मांडता येतो. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या परिसरातील तारकर्लीसारख्या गावातल्या लग्नाच्या पंगतीचा बेत मात्र असा ग्रंथबद्ध झाला नाही. त्याचा दस्तऐवज म्हणजे खुद्द केळीचे पान. ते वाचायचे कसे?

लग्नसराई चैत्र-वैशाखातली, मुंबईचे चाकरमानी गावी परततात तेव्हाची. पावसावरचे भात दिवाळीच्या सुमारास घरात आलेले असते; उन्हाळ्यात ताजी भाजी दुर्मीळ. म्हणून पानात येतात काळ्या वाटाण्यांचे सांबार, वडे, वरणभात, सोलकढी आणि गोडाला चणाडाळीचे मणगणे. तांदूळ, कडधान्य, गूळ, आमसूल, नारळ : जवळजवळ प्रत्येक जिन्नस साठवणीचा. हा बेत रुचीइतकाच कृषिवर्षाने ठरवलेला आहे.

समुद्र दाराशी असूनही अनेक हिंदू घरांत लग्नाच्या दिवशी मासळी वर्ज्य. त्या दिवशी ‘शिवराक’ जेवण. त्याचे कारण देवकाच्या धार्मिक विधीत आहे. वैशाखाच्या उन्हात, बर्फाविना, शेकडो पानांसाठी मासळी टिकवणेही कठीणच होते. पण केवळ तेवढ्याने उलगडा होत नाही. याच किनाऱ्यावरील ख्रिस्ती कुटुंबांत लग्नाचे जेवण सामिष असते. हवामान तेच, पान वेगळे. भूगोल शक्यता देतो, निवड समाज करतो.

समाजाची ही निवड जिनसांपेक्षा पंगतीत अधिक स्पष्ट दिसते. किती पायल्या तांदूळ शिजवायचा, हा हिशोब अनुभवी रांधप्यांच्या तोंडी असे. १९५६ च्या कायद्याने देशभर दशमान वजनमापे आली आणि शेर-पायलीची ती भाषा हळूहळू मागे पडली. पण त्या मोजणीत एक न बोललेला प्रश्नही असे : कोण कोणासोबत बसणार आणि कोणाचे पान अंगणाबाहेर मांडले जाणार? १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना, अल्प खर्चाच्या विवाहाचा आग्रह धरला. मालवण तेव्हा ज्या रत्नागिरी जिल्ह्यात होते, तिथे १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभे राहिले आणि सहभोजने झाली. पंगत हे वादाचे स्थळ होते, याची ही साक्ष. म्हणून जुन्या पंगतीविषयीच्या आपल्या हळव्या आठवणी अपुऱ्या ठरतात. ज्यांना त्या पंगतीत जागा नव्हती, त्यांची आठवण निराळी असणार.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा घोषित झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. पर्यटकांमुळे ‘मालवणी जेवण’ म्हणजे मासळीचे ताट, असे समीकरण रूढ झाले. लग्नघरी केटरर आणि पनीर आले. उभ्याने जेवताना पंक्तिभेद निदान डोळ्यांना दिसत नाही, हा लाभ मान्य करावा लागेल. शिवराक बेताची ओळख पुसट होते आहे, ही हानीही.

घरोघरीच्या ट्रंकांत लग्नखर्चाच्या वह्या अजून असतील. आपण बखरी संपादित करतो, पत्रव्यवहार छापतो. नारळ किती, गूळ किती आणि पाने किती याची नोंद ठेवणारी वही आपण कधी वाङ्मयेतिहासाचे साधन म्हणून उघडणार आहोत?